मध्ययुगीन युरोपातल्या बारीक अक्षराला नेमकं काय म्हणायचं? मिनस्क्यूल, पेर्लश्रिफ्ट, ग्लोसुलारिस, नोतुला...

कित्ता_गिरवणारी :

नमस्कार मंडळी,

मी सुलेखन शिकवते आणि येत्या सत्रात विद्यार्थ्यांना युरोपातली मध्ययुगीन हस्तलिखितं दाखवणार आहे. गॉथिक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर काळीभोर, ठसठशीत, टोकदार अक्षरं येतात. मला या वेळी मुद्दाम दुसरी बाजू दाखवायची आहे: तळहातावर मावणारी बायबलं, मजकुराच्या कडेने उतरत गेलेली भाष्यं, दोन ओळींच्या मधल्या फटीत बसवलेले अर्थ. थोडक्यात, बारीक अक्षर. ग्रंथालयांनी खुली केलेली पानं निवडून झाली, पण चित्रांखाली काय लिहायचं तिथे अडले आहे. प्रत्येक वर्णनात निराळा शब्द, आणि एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी.

उदाहरणंच देते. नवव्या शतकात फ्रान्समधल्या तूर इथे लिहिलेल्या एका बायबलचं पान सुमारे अर्धा मीटर उंच आहे आणि त्यातल्या अक्षराला म्हणतात मिनस्क्यूल. मिनस्क्यूल म्हणजे लहान ना? मग एवढ्या थोरल्या ग्रंथातलं, सहज वाचता येणारं अक्षर लहान कसं? उलट तेराव्या शतकातल्या पॅरिसच्या छोट्या बायबलमध्ये अक्षर जेमतेम एक मिलिमीटरचं, आणि त्याच्या वर्णनात मिनस्क्यूल हा शब्दच नाही. तिथे आहे 'टेक्स्चुआलिस', आणि एका जर्मन वर्णनात 'पेर्लश्रिफ्ट', म्हणजे मोत्यांची लिपी. मोत्यासारखं अक्षर हे आपल्याला लगेच कळतं. पण मग अकराव्या शतकातल्या एका ग्रीक शुभवर्तमानाच्या पानालाही तेच पेर्लश्रिफ्ट! ते अक्षर मुळीच बारीक नाही, चांगलं गोल आणि सुटसुटीत आहे.

आणखीही शब्द गोळा झालेत: ग्लोसुलारिस, नोतुला, लिब्रारिया, कुरेन्स, कॅपिट्युलर अन्शियल, बास्टार्डा. यातले मापाचे कुठले, वेगाचे कुठले आणि घराण्याचे कुठले? माझ्या विद्यार्थ्यांना लॅटिन येत नाही. चित्राखालची ओळ वाचून समोरच्या अक्षरात काय पाहायचं ते त्यांना कळावं, एवढीच इच्छा. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. लांबलं तरी चालेल.


चर्मपत्र :

ताई, हस्तलिखितांची वर्णनं लिहिणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे 'लांबलं तरी चालेल' हे मी मनावर घेतो.

तुम्ही गोळा केलेल्या शब्दांपैकी अक्षराचं माप सांगणारे शब्द फार थोडे आहेत. काही अक्षराचा सांगाडा सांगतात, काही लिहिण्याची इयत्ता सांगतात आणि काही ते अक्षर कुठल्या कामाला लावलं ते सांगतात. म्हणून बारीक अक्षराच्या बाबतीत माझा एक आग्रह असतो: आधी मिलिमीटर लिहा, नाव मागाहून द्या.

मिनस्क्यूलपासून सुरुवात करू. लॅटिन 'मिनुस्कुलुस' म्हणजे 'जरा लहान' हे खरं, पण पुरालिपिशास्त्रात, म्हणजे जुन्या लिप्यांच्या अभ्यासात, या शब्दाचा मापाशी संबंध उरलेला नाही. चार आडव्या रेघा आखा. मॅजस्क्यूल अक्षरं सगळी दोनच रेघांमध्ये बसतात, आपण ज्यांना कॅपिटल म्हणतो तशी. मिनस्क्यूलला चारही रेघा लागतात: मधल्या दोघींत 'एन', 'ओ', 'एम' यांचं अंग, वरच्या रेघेपर्यंत 'बी', 'एच', 'एल' यांचे दांडे, आणि खालच्या रेघेपर्यंत 'पी', 'क्यू' यांच्या शेपट्या. या चार रेघा एकमेकींपासून बोटभर अंतरावर असोत की केसभर, अक्षर मिनस्क्यूलच. तुमच्या तूरच्या बायबलमधलं अक्षर कॅरोलिंजियन मिनस्क्यूल आहे. कॉर्बीच्या मठात मोर्द्राम्नुस मठाधिपती होता (७७२ ते ७८१), त्या काळातल्या बायबलमध्ये ही लिपी चांगली स्थिरावलेली दिसते. गोडेस्काल्कने ७८१ ते ७८३ मध्ये शार्लमेनसाठी लिहिलेल्या ग्रंथात मुख्य मजकूर अन्शियल या जुन्या, भारदस्त, गोलसर मॅजस्क्यूलमध्ये आहे आणि शेवटची अर्पणकविता या नव्या मिनस्क्यूलमध्ये. शार्लमेनच्या दरबारातला विद्वान अल्कुइन तूरला मठाधिपती म्हणून आला तो ७९६ मध्ये. त्यानेच ही लिपी घडवली असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं, ते विद्यार्थ्यांना सांगू नका.

पॅरिसचं छोटं बायबलही सांगाड्याने मिनस्क्यूलच आहे. पण तेराव्या शतकापर्यंत ग्रंथांचा सगळा मजकूर मिनस्क्यूलमध्येच लिहिला जात होता, त्यामुळे वर्णन करणारा तो शब्द लिहीत बसत नाही.

मॅजस्क्यूलही बारीक असू शकतं, आणि तुमच्या यादीतला कॅपिट्युलर अन्शियल हा शब्द नेमका तिथलाच. उत्तर इंग्लंडमध्ये वेअरमथ-जॅरो हा जोडमठ होता. तिथे ७१६ च्या आधी कोडेक्स अमियातिनुस नावाचं बायबल तयार झालं, ज्याचं वजन ३४ किलोच्या आसपास आहे. त्याचा मुख्य मजकूर मोठ्या, ऐसपैस अन्शियलमध्ये आहे. प्रकरणांच्या याद्यांना लॅटिनमध्ये 'कॅपितुला' म्हणतात, त्या याद्यांसाठी तिथले लेखनिक अन्शियलचाच लहान, साधा अवतार वापरत. पुढे त्याच मठात संत कथबर्टचं म्हणून ओळखलं जाणारं योहानाचं शुभवर्तमान लिहिलं गेलं. त्याचं पान १३८ बाय ९२ मिलिमीटर. इवल्या पुस्तकासाठी त्यांनी अख्खा मजकूर याद्यांच्या अक्षरात लिहिला. ११०४ मध्ये डरहॅमला संताची शवपेटी उघडली तेव्हा हे पुस्तक आत सापडलं. दोन्ही ग्रंथांची पानं शेजारी ठेवून दाखवा, एकाच घरातली दोन मापं म्हणजे काय ते न सांगता कळेल.

आता मोती. पेर्लश्रिफ्ट हा शब्द दोन वेगळ्या शाखांनी दोन वेगळ्या गोष्टींना दिला आहे. ग्रीक हस्तलिखितांच्या अभ्यासात हेर्बर्ट हुंगर या व्हिएन्नाच्या विद्वानाने तो रूढ केला: दहाव्या शतकाची अखेर आणि अकरावं शतक यांतली गोल, समतोल, मण्यामागून मणी ओवल्यासारखी ग्रीक मिनस्क्यूल. तिथे मोत्याचा गोलवा अभिप्रेत आहे. लॅटिन हस्तलिखितांच्या अभ्यासात पेर्लश्रिफ्ट म्हणजे तेराव्या शतकातल्या खिशातल्या बायबलांची अतिसूक्ष्म टेक्स्चुआलिस (गॉथिक पुस्तकी अक्षराचं एक घराणं, त्याच्या खुणा पुढे सांगतो). तिथे मोत्याचा बारीकपणा अभिप्रेत आहे. छापखान्यातही पुढे सुमारे पाच पॉइंटच्या खिळ्यांना पर्ल म्हणत, तेही याच बारीकपणावरून. तेव्हा तुमच्या दोन्ही वर्णनांत काही चूक नाही, पण चित्राखाली नुसतं 'मोत्यांची लिपी' लिहिलंत तर मुलं दोन्ही पानांत एकच गोष्ट शोधत बसतील.

या लॅटिन पेर्लश्रिफ्टबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्या विषयाचा गाभा तोच आहे. सुमारे १२३० नंतर पॅरिसमध्ये एकाच खंडात मावणारी, सोबत नेता येणारी बायबलं मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. विद्यापीठातले विद्यार्थी आणि गावोगाव फिरणारे डोमिनिकन व फ्रान्सिस्कन प्रवचनकार हे त्यांचे वापरणारे. आधी अनेक थोरल्या खंडांत पसरलेला मजकूर पाचशे-सहाशे पातळ पानांत बसवायचा, तर अक्षर नुसतं लहान करून भागत नाही, त्याची घडण बदलावी लागते. मोठ्या टेक्स्चुआलिसमध्ये प्रत्येक उभ्या फटक्याच्या पायाशी चौकटच्या पत्त्यासारखा तिरपा चौकोन असतो. पेर्लश्रिफ्टमध्ये तो चौकोन काढायला जागाच नाही. फटका खाली येतो आणि किंचित वळून थांबतो. 'मिनिमुम' हा शब्द घ्या. गॉथिकमध्ये 'एम'चे तीन फटके, 'एन'चे दोन, 'यू'चे दोन, 'आय'चा एक. सगळ्या शब्दात मिळून १५ उभे फटके, बहुतेक एकसारखे. एक मिलिमीटर उंचीत ते वाचायचे कसे? 'आय'वर केसासारखी तिरपी रेघ देतात, तीच पुढे टिंब झाली. पॅरिसच्या पानावर विद्यार्थ्यांना भिंगातून आधी या तिरप्या रेघा शोधायला लावा. त्या सापडल्या की शब्द आपोआप सुटे होतात.

जागा वाचवण्याचे बाकी उपाय गॉथिकमध्ये सगळीकडेच आहेत, इथे ते टोकाला जातात. 'डी'चं गोल अंग आणि 'ओ'चं गोल अंग एकमेकांत मिसळून मधली भिंत सामाईक होते. 'ओ'नंतरचा 'आर' दोनच्या इंग्रजी आकड्यासारखा लिहिला जातो. आणि संक्षेप तर पावलोपावली. 'देउस'सारख्या नेहमीच्या पवित्र नावांची पहिली-शेवटची अक्षरं घेऊन वर एक आडवी रेघ मारली की काम झालं. ही पानं लिहिली जात होती तेव्हा चष्मा अजून आला नव्हता. तो इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस आला, आणि १३०६ मधल्या एका प्रवचनात ही कला निघून वीस वर्षंही झाली नाहीत असं म्हटलेलं आहे. म्हणजे पहिल्या दोन पिढ्यांच्या वाचकांनी हे सगळं नुसत्या डोळ्यांनी वाचलं. मला दरवेळी याचं नवल वाटतं.

आता घराणं आणि इयत्ता. १९५३ मध्ये पॅरिसला जी परिषद झाली तिथे डच विद्वान लीफ्टिंक यांनी गॉथिक पुस्तकी अक्षरांसाठी एक मांडणी सुचवली, आणि अल्बेर देरोले यांनी तिचा पुढे विस्तार केला. तिचं बळ असं की ती फक्त तीन खुणा पाहायला सांगते. 'ए' दोन कप्प्यांचा की एका? 'बी', 'एच', 'एल' यांच्या वरच्या दांड्यांना फास आहे की नाही? 'एफ' आणि लांब 'एस' रेघेवर उभे राहतात की खाली उतरतात? दोन कप्प्यांचा 'ए', फास नाही, रेघेवर उभे: टेक्स्चुआलिस. एका कप्प्याचा 'ए', फास आहे, खाली उतरतात: कर्सिवा. 'ए' आणि 'एस' कर्सिवासारखे पण फास नाही: हिब्रिडा. हे झालं घराणं. त्यापुढचा शब्द इयत्तेचा: फॉर्माटा म्हणजे सावकाश, कमावलेलं, लिब्रारिया म्हणजे नेहमीचं पुस्तकी, कुरेन्स म्हणजे धावतं. यात मापाचं काहीच नाही. एक मिलिमीटरचं अक्षर फॉर्माटा असू शकतं आणि पाच मिलिमीटरचं कुरेन्स.

बास्टार्डा हा शब्द मात्र चित्रओळीत शक्यतो टाळा. फ्रान्समध्ये, जर्मनीत आणि इंग्लंडच्या अभ्यासकांत तो वेगवेगळ्या अक्षरांना लावतात, आणि सुरुवात करणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही.

ग्लोसुलारिस आणि नोतुला उद्या लिहितो, त्यांचं प्रकरण स्वतंत्र आहे.


पीस_आणि_चाकू :

चर्मपत्र यांनी पाहायचं कसं ते सांगितलं, मी लिहिणाऱ्याच्या बाजूने भर घालतो, कारण ताईंचे विद्यार्थी शेवटी हातात लेखणी घेणार आहेत.

टेक्स्चुआलिसमध्ये अक्षराच्या अंगाची उंची साधारण पाच लेखणीरुंदी धरतात. अंग एक मिलिमीटर असेल तर लेखणीचं टोक ०.२ मिलिमीटरचं हवं. पीस एवढं बारीक छाटता येतं, पण त्याला चाकू अगदी धारदार लागतो आणि टोक पुन्हा पुन्हा नीट करावं लागतं. रुंद टोकाच्या धातूच्या निबा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास संपतात. त्यापेक्षा बारीक म्हणून टोकदार निब दिलीत तर जाड-बारीक फटक्यांचा फरक दाबावर येतो, आणि तो या लिपीचा स्वभाव नाही. त्यामुळे वर्गात अर्ध्या मिलिमीटरची निब आणि अडीच मिलिमीटरचं अंग घ्या, म्हणजे मूळच्या अडीचपट. प्रमाण तेच राहतं आणि हाताला घडण कळते.

शाई पातळ हवी. मोठ्या अक्षरासाठी चालते ती दाट शाई इतक्या बारीक टोकातून नीट उतरत नाही, आणि उतरली की 'ई'चा डोळा भरून जातो. भरलेला 'ई' आणि 'सी' यांत मग फरक राहत नाही. विद्यार्थ्यांच्या पहिल्या पानांवर हेच होतं, म्हणून आधीच सांगून ठेवा.

रेघांकडेही लक्ष द्या. बाराव्या शतकापर्यंत शिशाच्या कांडीने रेघा आखायची पद्धत पसरली होती, त्याआधी टोकदार सळईने नुसता खळगा उठवत. पॅरिसच्या बायबलांत शिशाच्या फिकट करड्या रेघा कधी कधी दिसतात. एक आवडती गोष्ट सांगतो: बाराव्या शतकापर्यंत लेखनिक पहिली ओळ सर्वांत वरच्या रेघेच्या डोक्यावर लिहीत. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती त्या रेघेच्या खाली आली. नील केर यांनी १९६० मध्ये हे दाखवून दिलं, आणि पानाचा काळ अंदाजायला याचा आजही उपयोग होतो. तुमच्या चित्रांत सर्वांत वरची रेघ मोकळी आहे का ते पाहा.

कुठल्या वर्णनात 'युटेराइन व्हेलम', म्हणजे न जन्मलेल्या वासराचं कातडं, असं आलं असेल तर चित्रओळीत ते उतरवू नका. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७२ खिशातल्या बायबलांचं चर्मपत्र तपासलं. पृष्ठभागावर खोडरबर हलकेच घासून जो भुगा पडतो त्यातल्या प्रथिनांवरून प्राणी ओळखला. निघाली ती नेहमीचीच वासरं, शेळ्या आणि मेंढ्या. पातळपणा कारागिराच्या हातातून आला होता.


गुबारी :

विषय युरोपचा आहे याची जाणीव आहे, पण चर्मपत्र म्हणतात की मापाचे शब्द फार थोडे, तेव्हा त्याच मध्ययुगातली शेजारची परंपरा नोंदवावीशी वाटते. कैरोच्या मामलूक दरबारी दफ्तरात अक्षराच्या नावातच माप होतं. तुमार नावाची सर्वांत मोठी लेखणी २४ केसांच्या रुंदीची मानत, जनावराचे केस शेजारी शेजारी ठेवून. सुलुस् म्हणजे एक तृतीयांश, तिची रुंदी आठ केसांची. अल्-कल्कशंदी (मृत्यू १४१८) हा दफ्तराचाच माणूस, त्याने कारकुनांसाठी लिहिलेल्या प्रचंड ग्रंथात हे सगळं नोंदवलं आहे. आणि सर्वांत बारीक अक्षराचं नाव गुबार, म्हणजे धूळ. टपालाच्या कबुतरांसोबत पाठवायच्या चिठ्ठ्या त्यात लिहीत, म्हणून त्याला 'जनाह' म्हणजे पंखाची लेखणी असंही नाव होतं.

लॅटिन जगात मुळात मापावरून दिलेली नावं नव्हतीच का, की आजच्या अभ्यासकांनी ती वापरणं सोडलं?


कित्ता_गिरवणारी :

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन खुणा लगेच लावून पाहिल्या. माझ्या निवडीतली जी पानं 'गॉथिक हस्ताक्षर' एवढ्याच नावाने पडून होती त्यातली बहुतेक नीट वेगळी झाली. एक पान मात्र हट्टी आहे: 'ए' एका कप्प्याचा, 'एस' खाली उतरलेला, आणि दांड्यांना फास काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही. याला काय म्हणू?

मोजण्याबद्दलही विचारायचं होतं. पडद्यावरच्या चित्रावरून एक मिलिमीटरचं अक्षर मोजणार कसं? आणि गुबारी यांच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवं आहे. ग्लोसुलारिसची वाट पाहते आहे.


चर्मपत्र :

गुबारी, फार चांगली भर, आणि प्रश्न अगदी नेमका. मध्ययुगातल्या लोकांकडे मापाचे शब्द होते, पण साधे. ग्रंथांच्या जुन्या लॅटिन याद्यांत 'लित्तेरा ग्रोसा' आणि 'लित्तेरा मिनुता' भेटतात, म्हणजे जाड अक्षर आणि बारीक अक्षर. फ्रेंच याद्यांत तसंच 'ग्रोस लेत्र' आणि 'मन्यू लेत्र'. यादी करणाऱ्याला पुस्तक ओळखू यावं आणि चोरीला गेलं तर पकडता यावं एवढंच हवं असायचं, त्याला ते पुरे. आजच्या अभ्यासकांनी हे शब्द घेतले नाहीत, कारण जाड-बारीक हे यादी करणाऱ्याच्या नजरेवर ठरायचं. मला व्यक्तिशः 'मिनुता' परत आला तर आवडेल, सोबत मिलिमीटर लिहिले तर.

ग्लोसुलारिस म्हणजे भाष्याचं अक्षर. बाराव्या शतकातल्या भाष्यासहित बायबलचं पान पाहा. मध्ये मूळ वचन मोठ्या अक्षरात, दोन्ही बाजूंना आणि ओळींच्या मध्ये भाष्य लहान अक्षरात. आधी या दोन्हींसाठी रेघा वेगवेगळ्या आखत, आणि मूळ मजकुराचा रकाना व भाष्याचा रकाना यांचा मेळ बसवताना लेखनिकाची दमछाक व्हायची. मग कुणीतरी सुरेख तोड काढली: सगळ्या पानावर एकाच मापाच्या, जवळजवळ रेघा आखायच्या. भाष्य प्रत्येक रेघेवर लिहायचं आणि मूळ वचन एक रेघ सोडून. आता भाष्य कितीही लांबलं तरी रकाना हवा तसा रुंद-अरुंद करता येतो आणि ओळी कधी चुकत नाहीत. पडद्यावर पान मोठं करून रेघा मोजायला सांगा. हे लक्षात आलं की विद्यार्थी त्या पानाकडे वेगळ्याच आदराने पाहतात, हा अनुभव आहे.

भाष्याचं अक्षर मूळ अक्षराची नुसती छोटी नक्कल नसते. दांडे आखूड होतात, कारण वरच्या ओळीला धडकायला नको, पायाचे तिरपे चौकोन जातात, संक्षेप वाढतात. म्हणून ग्लोसुलारिस हे कामाचं नाव आहे आणि बारीकपणा त्या कामामागोमाग येतो. बोलोन्याच्या कायद्याच्या ग्रंथांत अक्कुर्सिउस या कायदेपंडिताचं भाष्य मूळ मजकुराला चहूबाजूंनी वेढून बसतं, तिथेही हाच नियम, फक्त घराणं इटलीच्या गोलसर रोटुंडाचं.

नोतुला हा मात्र खुद्द मध्ययुगातल्या लेखनगुरूंचा शब्द. 'नोता'चं लहान रूप, म्हणजे टिपण. पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावर उत्तर जर्मनीत योहानेस फोम हागेन नावाच्या गुरूने आपल्याला येणाऱ्या अक्षरांचे नमुने एका पत्रकावर लिहून ठेवले, शिष्य मिळावेत म्हणून. ते पत्रक आज बर्लिनमध्ये आहे. त्यात एकीकडे ग्रंथलेखनाच्या भारदस्त अक्षरांची नावं आहेत, तेक्स्तुस क्वाद्रातुस वगैरे, आणि दुसरीकडे नोतुलांचं अख्खं कुटुंब: साधी नोतुला, टोकदार नोतुला, मोडलेल्या फटक्यांची नोतुला. म्हणजे त्याच्या डोक्यात मुख्य विभागणी होती ती ग्रंथाचं अक्षर आणि टिपणाचं अक्षर अशी. टिपणाचं अक्षर भरभर लिहायचं, म्हणून लहान आणि जोडलेलं. आजच्या भाषेत या नोतुला बहुतेक कर्सिवात पडतात. पुढच्या शतकात ऑग्सबर्गचा भिक्षू लिओनहार्ड वाग्नर याने सम्राट माक्सिमिलियनसाठी एकट्याच्या हाताने शंभर लिप्यांचा नमुनाग्रंथ लिहिला, आणि त्यातल्या प्रत्येकीला नाव दिलं. त्या शंभर नावांपैकी फारच थोडी आजच्या वर्णनांत वापरता येतात. नावं ठेवण्याचा उत्साह आणि शास्त्रशुद्ध वर्गीकरण यांत अंतर असतं ते असं.

तुमच्या हट्टी पानाचं: फास काही दांड्यांना आहेत, काहींना नाहीत, तर 'कर्सिवा आणि हिब्रिडा यांच्या मधलं' असं सरळ लिहा. देरोले अशा मिश्र अक्षरांना 'सेमिहिब्रिडा' म्हणतात, पण विद्यार्थ्यांना साधं वाक्यच जास्त उपयोगी पडेल. कुठल्या दांड्यांना फास आहेत हे मोजायला लावा, तोच उत्तम धडा.

मोजायची रीत. एक अक्षर कधीच मोजू नका. चित्रात मोजपट्टी ठेवलेली असेल तर उत्तम, नसेल तर वर्णनात लिहिलेल्या भागाची उंची दिलेली असते ती घ्या. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत ११० मिलिमीटर आणि रेघा ४८ असतील, तर मधली अंतरं ४७, म्हणजे एका ओळीला सुमारे २.३ मिलिमीटर. आता पडद्यावर चित्र मोठं करा आणि ओळीच्या अंतराचा कितवा हिस्सा 'एन'च्या अंगाने व्यापलाय ते पाहा. निम्म्याहून जरा कमी असेल तर अंग एक मिलिमीटर धरायला हरकत नाही. चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या आणि 'सुमारे' लिहा.


कित्ता_गिरवणारी :

मोजून पाहिलं, अगदी तुम्ही सांगितलं तसंच. पॅरिसच्या पानासाठी चित्रओळ अशी केली आहे, चालेल का बघा:

"खिशातलं बायबल, पॅरिस, तेरावं शतक. ओळींमधलं अंतर सुमारे २.३ मि.मी., अक्षराचं अंग सुमारे १ मि.मी. लिपी: टेक्स्चुआलिस लिब्रारिया, अतिबारीक (लॅटिन अभ्यासात हिला पेर्लश्रिफ्ट म्हणतात). पाहा: 'आय'वरची केसासारखी रेघ, एकमेकांत मिसळलेली 'डी' आणि 'ओ'ची अंगं, पायाशी तिरप्या चौकोनांचा अभाव."

ग्रीक पानासाठी: "शुभवर्तमान, अकरावं शतक. लिपी: ग्रीक मिनस्क्यूल, गोल वळणाची (ग्रीक अभ्यासात हिलाही पेर्लश्रिफ्ट म्हणतात, पण तिथे गोलव्यावरून). पाहा: एकाच उंचीची गोल अक्षरं, रेघेला लटकलेली."


पीस_आणि_चाकू :

'रेघेला लटकलेली' हे नेमकं टिपलंत! त्या ग्रीक लेखनिकांची अक्षरं रेघेवर बसत नाहीत, रेघेखाली टांगलेली असतात. हे विद्यार्थ्यांना हाताने करून बघू द्या, रेघेखाली लिहिताना मनगट वेगळं धरावं लागतं.


चर्मपत्र :

दोन्ही ओळी उत्तम. एकच बदल सुचवतो. पॅरिसच्या ओळीत 'लिब्रारिया' लिहिण्याआधी त्या पानावरचे 'एम', 'एन' यांचे फटके रेघेवर कसे थांबतात ते भिंगाखाली पुन्हा पाहा. प्रत्येक फटका वेगळा उचलून ठेवलेला असेल आणि सगळे एकाच पातळीवर थांबत असतील, तर इयत्ता फॉर्माटाकडे झुकते. खिशातल्या बायबलांत दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून हे त्या पानालाच विचारावं लागेल. आणि चित्रओळीत ग्रंथाचा क्रमांक व पानाचा क्रमांक नक्की घाला, म्हणजे कुणाला मूळ चित्र उघडून स्वतः मोजायचं असेल तर मोजता येईल.